घरच्या मिलिंग मशीनचा चॅटर: गिब आवळला की जातो, महिन्याभरात परत येतो

चॅटर म्हणजे कापताना कटर आणि मशीन थरथरून होणारी घरघर. ती घालवायला वर्षभरात मी पाच वेळा दुरुस्ती केली. प्रत्येक वेळी वाटलं, झालं, सापडलं. गिब (टेबलाच्या सरकत्या सांध्यातली ढिलाई काढणारी पट्टी) आवळला की तीन-चार आठवडे मशीन लोण्यासारखं कापायचं आणि मग एखाद्या रविवारी लोखंडात साधा स्लॉट मारताना खालून घर्रर्र सुरू. स्लॉटच्या तळाला तिरक्या लाटा, भिंतीला टेपर, कटरची धार तासाभरात बसलेली. तुमच्याकडेही हेच होत असेल आणि दर वेळी गिब आवळून सुटत असेल, तर वाचा. माझ्या मशीनमध्ये गिबचा दोष फार थोडा होता, पण हे कळायला पाच फेऱ्या लागल्या.

आधी मशीन काय आहे ते सांगतो, कारण दुखणं बांधणीतच होतं. बेस म्हणजे २० मि.मी. जाडीची एम.एस. (माइल्ड स्टील) प्लेट. तिच्यावर १०० × १०० × ६ चा चौकोनी पाइप उभा. पाइपाच्या तळाला १८० × १८० ची, १६ मि.मी. जाड फूट प्लेट वेल्ड केलेली आणि तिच्या चार कोपऱ्यांत एम-१२ चे चार बोल्ट. पाइपावर १५ मि.मी.च्या दोन लिनियर रेल, त्यावर हेड, म्हणजे स्पिंडल धरणारा भाग. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) ईआर-२० कोलेटचं (कोलेट म्हणजे कटर पकडणारी चिरलेली नळी), ७२०४ च्या दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगवर. मोटर अर्ध्या एचपीची, तीन फेजची, व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालणारी. टेबल तेवढं विकतचं: डव्हटेलचं लहान कंपाउंड टेबल, हँडलच्या एका फेऱ्याला २ मि.मी. सरकणारं. वाफेच्या छोट्या इंजिनांचे सुटे भाग करायला एवढं पुष्कळ होतं. ओतकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरात राहून मी खांब बिडाचा का ओतून घेतला नाही, असं इथे सगळेच विचारतात. पॅटर्न करायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

पाच फेऱ्यांत काय काय केलं ते थोडक्यात, म्हणजे तुम्हाला तेवढं तरी टाळता येईल.

पहिल्यांदा कटर बदलला. नवा कटर कमी जोर मागतो, त्यामुळे आवाज गेला. धार थोडी उतरली आणि आवाज परत. दुसऱ्यांदा कोलेट पाहिलं. कोलेट आधी नटमध्ये खट्‌कन बसवायचं आणि मग नट स्पिंडलवर चढवायचा, हे मी घाईत उलटं करत होतो. ते सुधारलं, कटरचा रनआउट (फिरताना डुगडुगणं) २० मायक्रॉनच्या आत आला; मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग. चॅटर मात्र तसाच. त्याच वेळी कटर कोलेटमध्ये आणखी आत सरकवून बाहेरची लांबी कमी केली. ही सवय चांगलीच आहे, कारण बाहेरची लांबी निम्मी झाली की कटरचं वाकणं आठवा हिस्सा होतं. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा गिब. पाचव्यांदा पाइपात वाळू भरली.

वाळूची गोष्ट सांगायलाच हवी. पोकळ पाइप टकटक केल्यावर घंटेसारखा वाजायचा, म्हणून वाटलं की आवाज इथूनच येतो. ओली वाळू भरली तर आतून गंज येणार, म्हणून ती कढईत खमंग भाजून घेतली. कढई परत स्वयंपाकघरात गेली नाही, तो विषय अजून मिटलेला नाही. वाळू भरल्यावर पाइपाचा टणटणाट जाऊन ठकठक आली. मला फार आनंद झाला. स्लॉट मारला तर घर्रर्र जशीच्या तशी. वाळू कंप शोषते, पण हलणारा सांधा घट्ट करत नाही.

इथे थांबून आधी एक चाचणी करायला हवी होती, जी मी शेवटी केली. आवाज कुठल्या जातीचा आहे हे ठरवायची चाचणी. मोबाइलवर आवाजाची फ्रीक्वेन्सी दाखवणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या. माझा कटर ६ मि.मी.चा, दोन धारांचा. १२०० आरपीएमला धार सेकंदाला ४० वेळा मालाला लागते, म्हणजे ४० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ८०, १२० हे दिसणारच. ते नैसर्गिक आहेत. पण ॲपच्या आलेखात सगळ्यांत उंच टोक ९२ च्या आसपास होतं. आता वेग १००० वर आणला. धारेचा आकडा ३३ वर उतरला, ते ९२ चं टोक मात्र जागचं हललं नाही.

तंबोऱ्याची तार कुणीही छेडो, सूर तोच लागतो. वेग बदलल्यावर आवाजाचा सूरही त्याच प्रमाणात बदलला, तर दोष फिरणाऱ्या भागात शोधा: वाकडा कटर, खराब बेअरिंग, पट्ट्याचा जाड जोड, असंतुलित पुली. वेग बदलूनही सूर तोच राहिला, तर मशीनचा सांगाडाच आपल्या सुरात वाजतोय. कटर प्रत्येक फेरीत मागच्या फेरीने सोडलेल्या लाटेवरून जातो, जाडी कमी-जास्त होते, त्याने जोर कमी-जास्त होतो, आणि सांगाडा त्या जोरावर झोके घेत राहतो. फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे धातुकापणीवर जे प्रदीर्घ अध्यक्षीय भाषण दिलं, त्यात चॅटर हा कारागिरापुढचा सगळ्यांत गूढ प्रश्न म्हटला होता. त्यांच्यासमोर भली थोरली लेथ होती, माझ्यासमोर ओट्याएवढं मशीन. मला जरा बरं वाटलं.

सांगाडा वाजतोय एवढं ठरलं. पण सांगाड्यात पाच-सहा सांधे. त्यातला कुठला?

आमच्या गल्लीत एक निवृत्त टर्नर काका आहेत. चाळीसेक वर्षं उद्यमनगरात, इथल्या औद्योगिक वसाहतीत, काढलेली. त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि गिबचं पुराण सुरू केलं. त्यांनी अर्ध्यातच तोडलं.

"गिब राहू दे रे. तेल आहे का पातळ?"

शिवणयंत्राचं तेल दिलं. त्यांनी फूट प्लेट आणि बेस यांच्या फटीवर मागच्या बाजूने तेलाची एक रेघ सोडली, बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाले, "आता हेड पुढे-मागे हलव. जोर नको लावू, नुसतं हलव."

हलवलं. तेलाची रेघ आत ओढली गेली. सोडलं, बाहेर आली. परत हलवलं, परत आत. बारीक बुडबुडेसुद्धा आले. सांधा श्वास घेत होता. काकांनी माझं बोट धरून फटीवर आडवं ठेवलं, अर्धं फूट प्लेटवर, अर्धं बेसवर. "आता कळतंय?" कळत होतं. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण बोटाच्या पेराखाली दोन पत्रे एकमेकांवर सरकल्यासारखं वाटत होतं. बोल्ट मात्र चारही घट्ट होते. पाना लावला तर जेमतेम हलत होते.

माझ्या मते ही तेलाची चाचणी सगळ्यांनी सगळ्यांत आधी करावी. तिला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही. पण बोटाला आकडा कळत नाही, आणि आकडा नसला की माणूस परत गिबकडे वळतो. म्हणून मोजलं.

मोजायला लागतं ते असं: प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा, कुंपणाच्या तारेला लावतात तसलं टर्नबकल, एक पट्टा आणि मॅग्नेटिक स्टँडवर डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळासारखं साधन). २ मायक्रॉनचा लिव्हर डायल काकांकडून उसना मिळाला. साध्या १० मायक्रॉनच्या डायलवरही मोठा दोषी सापडतोच. मशीनचा प्लग काढा. टेबल पुढे घ्या. पट्ट्याचं एक टोक स्पिंडलच्या नाकाला (खालच्या टोकाला), दुसरं व्हाईसला (टेबलावरच्या शिकंज्याला), मध्ये काटा आणि टर्नबकल. टर्नबकल फिरवत काट्यावर १० किलो येईपर्यंत ताणा. हाताने ओढू नका. हाताने ओढलं तर टेबलावर जोर येत नाही आणि टेबलाचा हिस्सा मोजलाच जात नाही. कापताना जोर कटर आणि जॉब (कापायचा माल) यांच्यातच असतो, तो तसाच द्यायचा.

डायलचा स्टँड व्हाईसवर, टोक स्पिंडलच्या नाकावर: १० किलोला ६० मायक्रॉनच्या जवळपास. वाईट आकडा आहे. मग एकेक सांधा. स्टँड सांध्याच्या एका बाजूला, डायलचं टोक दुसऱ्या बाजूला, दोन्ही सांध्याच्या जितकं जवळ जाईल तितकं. टेबल बेसच्या मानाने ६ मायक्रॉन सरकलं. वर्षभर ज्याला शिव्या दिल्या तो गिब यातच आला. हेड खांबाच्या मानाने ८. स्पिंडलचं नाक हेडच्या मानाने ४. पाइपाचं वाकणं मी कागदावर काढलं: या मापाचा पोलादी पाइप २७० मि.मी. उंचीवर १० किलोला जेमतेम १ मायक्रॉन वाकतो. म्हणजे वाळू, कढई आणि घरातली भांडणं सगळी त्या १ मायक्रॉनपायी.

शेवटी डायलचं टोक फूट प्लेटच्या मागच्या काठावर वरून टेकवलं, स्टँड बेसवर. ताण दिला की काठ १३ मायक्रॉन उचलला जात होता. १३ ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्लेट मधोमध टेकून डोलत होती, म्हणजे डोलायच्या बिंदूपासून मागचा काठ ९० मि.मी.वर आणि स्पिंडलचं नाक २७० मि.मी. उंचीवर. तिप्पट. पायाशी १३ तर नाकाशी ३९. एकूण ६० मधले ३९ एकट्या पायाचे.

खांब उतरवला. चारही बोल्टच्या भोवती तांबूस-तपकिरी भुकटी, कोकोसारखी. ही साध्या गंजाची नव्हे. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहिले की ती तयार होते. कुठल्याही बोल्टच्या सांध्यात ती दिसली तर तो सांधा हलतोय, याला दुसरा पुरावा नको. भुकटीच्या खाली माझीच तीन पापं रांगेने होती.

पहिलं, प्लेट वाकलेली. पाइपाभोवती वरून वेल्डिंग केलं की ते थंड होताना आकसतं आणि प्लेटचे काठ वर ओढतं. तळ कढईसारखा फुगीर होतो. सरफेस प्लेट (तपासणीची अचूक सपाट प्लेट) नसल्याने टेबलाच्या काचेच्या जाड तुकड्यावर पातळ ब्ल्यू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) फासला आणि प्लेट टेकवली: निळा डाग फक्त मधे, हाताच्या पंजाएवढा. चारही कोपरे, जिथे बोल्ट आहेत तेच, हवेत. दुसरं, रंग. बेस आणि फूट प्लेट दोन्ही मी प्रेमाने रंगवले होते, सांध्याच्या तोंडासकट. तिसरं, शिम, म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा. खांब सरळ करायला मागच्या दोन बोल्टांखाली थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला होता. तो मऊ ॲल्युमिनियम, त्याला दोन्हीकडून लाखेचा थर. आता रंग आणि लाख दोन्ही दाबाखाली हळूहळू दबत जातात. बोल्ट फिरत नाही, पण त्याच्यातला ताण उतरतो. पाना लावून पाहिलं तर बोल्ट घट्टच वाटतो. तीन-चार आठवडे म्हणजे हा ताण उतरायला लागणारा वेळ.

मग गिब आवळल्यावर का सुटायचं? हे उत्तर मला वहीत सापडलं. मी काय काय केलं याची तारीखवार नोंद ठेवतो. दर वेळी गिबला हात लावल्यावर ट्रॅम तपासला होता, म्हणजे स्पिंडलमध्ये आडवा दांडा धरून डायल टेबलावर गोल फिरवून खांब सरळ आहे का ते पाहिलं होतं. आणि प्रत्येक नोंदीखाली तीच ओळ: "मागचे दोन बोल्ट थोडे ओढले." औषध ते होतं, श्रेय गिबने खाल्लं. घरच्या मशीनवर एका वेळी दोन गोष्टी बदलू नका असं सगळेच सांगतात. मीही सांगत होतो.

दुरुस्ती. फूट प्लेट मोठ्या मिलिंगवर एकदा साफ करून आणली तर उत्तमच. उद्यमनगरात असं काम करून देणारी वर्कशॉप आहेत. मी घरीच केलं, त्याला तीन संध्याकाळी गेल्या. खांब बाकावर उलटा धरला. सांध्याच्या दोन्ही तोंडांवरचा रंग खरवडून लखलखीत लोखंड काढलं. मग ग्राइंडरने फूट प्लेटचा मधला भाग अर्धा मि.मी. खोल पोखरला, अधिकच्या चिन्हासारखा, म्हणजे चार कोपऱ्यांत साधारण ४० × ४० चे चार पाय उरले. डोळ्याला गॉगल लावा, खाली तोंड करून ग्राइंडर चालवताना ठिणग्या थेट वर येतात. पूर्ण तळ सपाट करायची गरज नाही. मधला भाग मुळात टेकायलाच नको. टेकायचं ते बोल्टच्या अवतीभवती आणि जितकं बाहेर तितकं चांगलं.

पुढचं काम कानशीचं आणि स्क्रेपरचं. ब्ल्यू लावायचा, टेकवायचं, निळा डाग उठेल तेवढाच खरवडायचा, पुसायचं, परत. पहिले दहा-बारा फेरे एकाच पायावर डाग येत होता आणि माझा धीर सुटत होता. तिसऱ्या संध्याकाळी चारही पायांवर ठिपके उठले. एकसारखा निळा गालिचा येईपर्यंत मी थांबलो नाही असं सांगायला आवडलं असतं. निम्म्या क्षेत्रावर ठिपके आले, तिथे थांबलो. तेवढं पुरलं.

बसवताना जाड, कडक वॉशर आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट घेतले. टॉर्क पाना मागून आणला आणि चारही बोल्ट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत ७० न्यूटन-मीटरपर्यंत नेले. अंदाजाने पाना ओढण्यात मी याच्या निम्म्यावरच थांबत होतो, हेही तेव्हाच कळलं. ट्रॅम पाहिला: २०० मि.मी. अंतरावर पुढे-मागे ५० मायक्रॉनचा फरक. तो शिम न घालता पुढचे दोन पाय आणखी खरवडून २० च्या आत आणला. शिम घालायचाच झाला तर पूर्ण पाय झाकेल एवढा पोलादी घ्या, बोल्टला भोक पाडून, आणि एकावर एक तीन-तीन रचू नका.

परत तोच काटा, तेच १० किलो. मागचा काठ आता १ मायक्रॉन, तोही डायलचा भास असेल. नाकाशी एकूण २२. मोबाइलवरचं टोक ९२ वरून १५० च्या आसपास चढलं, म्हणजे सांगाडा खरोखर ताठ झाला. पूर्वी ६ मि.मी. कटरने एम.एस.मध्ये पूर्ण रुंदीचा स्लॉट अर्धा मि.मी. खोलीला घरघरायचा. आता दीड मि.मी. शांत जातो.

तुम्ही मोजाल तेव्हा दोषी माझाच निघेल असं नाही. बाजारातल्या काही लहान मिलिंग मशीनचा खांब बाजूला कलता येण्यासाठी एकाच मोठ्या नटावर धरलेला असतो, तिथे तो सांधा आधी बघा. हेडचा आकडा मोठा आला तर रेलचे कॅरेज (रेलवर सरकणारे ठोकळे) किंवा त्याखालचा पृष्ठभाग. नाकाचा मोठा आला तर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब). तिथे डीप ग्रूव्हची ६२०४ घातली असतील, तर ती काढून त्याच मापाची ७२०४ घाला, बाहेरचं माप तंतोतंत तेच असतं. टेबलाचा मोठा आला तर, हो, गिब.

चॅटर लागल्यावर फीड (माल कटरकडे सरकवायची गती) कमी करायची हाताला सवय असते. ती मोडा. फीड कमी केली की धार कापण्याऐवजी घासते आणि आवाज उलट वाढतो. कटर फिरण्याचा वेग कमी करा, खोली कमी करा, फीड धरून ठेवा. दोन धारांच्या ६ मि.मी. कटरला १२०० आरपीएमला दर धारेला २० मायक्रॉन धरले तर मिनिटाला ४८ मि.मी. होतात, म्हणजे माझ्या हँडलचे मिनिटाला २४ फेरे. अडीच सेकंदाला एक. एकदा घड्याळ समोर ठेवून फिरवून बघा, आपण किती रेंगाळतो ते कळतं. आणि ज्या दिशेला सरकवायचं नाही ती स्लाइड लॉक करा.

बोल्टच्या डोक्यावरून बेसपर्यंत लाल मार्करची एक रेघ ओढून ठेवली आहे. पण माझे बोल्ट पूर्वीही फिरत नव्हतेच, त्यामुळे रेघेवर विसंबत नाही. महिन्यातून एकदा शिवणयंत्राचं तेल सोडून हेड हलवून बघतो. दुरुस्तीला साडेचार महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, तेलाची रेघ जागची हललेली नाही. २ मि.मी. खोलीला मशीन अजूनही घरघरतं. आकड्यांप्रमाणे आता पाळी हेडच्या ८ मायक्रॉनची आहे. कॅरेजखालचा पाइप मी कधी ब्ल्यू लावून पाहिलेलाच नाही.